इप्पलगुड्याची सातवी ओळ

मनोहरकाका,

तुमच्या टेबलावरच्या वस्तूंची यादी मी परवा पूर्ण केली. चष्मा, तपकिरी घरासकट. स्टीलचा डबा, त्याच्या तळाशी लोणच्याचा खार सुकून चिकटलेला. लाल पेन्सिली तीन, पैकी एकीला टोक नाही. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला प्राणहितेच्या काठचा नकाशा. उस्मानिया बिस्किटांचा अर्धा पुडा, तो मऊ पडला होता म्हणून टाकला. बाकी सगळं पिशवीत भरून अंबरपेठेला काकूंकडे पोचवलं. वस्तू दिली की यादीवर सही घ्यायची, हा माझा नियम. काकूंकडे सही मागितली नाही. मागितली असती तर तुम्ही वरून म्हणाला असतात, "सुनंदाबाई, मेल्यावर तरी पावती नको."

त्याच यादीच्या तळाशी मी एक ओळ लिहून ठेवली होती: काकांना सांगायचं राहिलं. ती वस्तू पिशवीत मावत नाही.

हिमायतनगरच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. चांगली झाली. एक जण म्हणाले, "इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकच चूक झाली, आणि तीही त्यांनी फार मनाला लावून घेतली." लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या हातातल्या कागदावर बोलायचे पाच मुद्दे होते. मी चार बोलले आणि खाली बसले.

पाचवा मुद्दा असा की ती चूक तुमची नव्हती. माझी होती. दोन वर्षं मला ते ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. तुम्हाला सांगायची वेळ मी घालवली. आता निदान त्या माना डोलावणाऱ्यांना कळावं, म्हणून हे आपल्या मंडळाच्या अंकात छापायला देते आहे.

अंक वाचणाऱ्या सगळ्यांना आपलं काम ठाऊक असेलच असं नाही. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी सांगते. प्राणहिता ओलांडून पलीकडच्या जंगलातला एक हत्ती अलीकडे येऊ लागला. अलीकडच्या गावांनी हत्ती पाहिलेलाच नव्हता. त्यांच्या आज्यांनी वाघ पाहिला होता, अस्वल पाहिलं होतं. हत्तीशी कसं वागायचं, याची एक म्हणसुद्धा त्या भागात नाही. पहिल्यांदा आला तेव्हा बायका नारळ आणि कुंकू घेऊन निघाल्या आणि पोरं फोन उंच धरून त्यांच्यामागे. तेव्हा आपल्या छोट्या संस्थेने ठरवलं की दुसरं काही नाही तरी बातमी पोचवायची. नदीकाठचा टेहळणीवाला दुपारी एका टेकाडावर चढून, रेंज मिळाली की तुम्हाला फोन करायचा: हत्ती अमक्या ओढ्याला आहे. आपण हिमायतनगरच्या दोन खोल्यांत बसून, अंधार पडायच्या आत, त्या ओढ्याजवळच्या प्रत्येक पाड्याला फोन करायचे. हैदराबादहून का, असं लोक विचारतात. कारण त्या काठाला मराठी चालते, गोंडी आणि तेलुगूच्या जोडीने, आणि तुमच्यासारखा भूमापन खात्यातून निवृत्त झालेला, तिथली प्रत्येक शीव पायांनी माहीत असलेला माणूस इथे रिकामा होता.

यादी माझी, आवाज तुमचा. अशी वाटणी होती.

आपली पहिली भांडणं घड्याळावरून झाली. बातमी चाळीस सेकंदांची आहे, असं मी मोजून दाखवलं होतं. तुम्ही प्रत्येक फोनला दीड-दोन मिनिटं घ्यायचात.

"राम राम, हैदराबादवरून मनोहर बोलतोय. जेवण झालं? पोरीचा ताप उतरला का?"

मी समोरून घड्याळाकडे बोट दाखवायची. तुम्ही फोनवर हात ठेवून म्हणायचात, "असं परेशान नक्को करू. चाळीस सेकंदांत सांगितलेलं कुणी ऐकतं का? हत्तीची गोष्ट आहे, विजेचं बिल नाही."

"साडेसहाला अंधार पडतो, काका. पंच्याऐंशी नंबर आहेत."

"हौ ना. म्हणून तर बोलतोय, तुम्ही मधे बोलू नका."

तुमचं बरोबर होतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. फोनवर सांगितलेलं लोक ऐकत, कारण सांगणारा त्यांच्या म्हशीचं नावही विचारी. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तेही राहिलं.

पण वेळ पुरत नव्हता, आणि वेळ काढणं माझं काम होतं. तुमच्या गप्पांना कात्री लावता येईना, म्हणून मी बंद नंबरांना लावली. सलग तीन दिवस लागला नाही तर नंबर संगणकावरच्या तक्त्यात 'बंद' या पानावर जाईल. महिन्यातून एकदा ते पान तपासायचं, चालू झालेले परत आणायचे. कुठल्याही कचेरीत करतील असा नियम. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "फोन बंद आहे. माणूस थोडाच बंद आहे?"

"लागतच नाही तिथे दोन-दोन मिनिटं पुन्हा पुन्हा लावत बसण्यापेक्षा लागतो त्याला ती द्या. तुमच्याच गप्पांसाठी वेळ काढतेय."

"तुमचा तक्ता, तुमचं राज्य," असं म्हणून तुम्ही बिस्किट चहात बुडवलंत, आणि ते तुटून कपात पडलं. तुम्ही चमच्याने ते शोधत बसलात. विषय संपला. मी नियम लागू केला.

तुमची एक सवय होती. पडद्यावरची यादी बघून तुम्ही फोन लावायचा नाहीत. रोज साडेचारला ती वहीत हाताने उतरवून घ्यायचात, गावागणिक, आणि मग एकेक ओळीवर लाल खूण. मी छापून द्यायला तयार होते. तुम्ही म्हणायचात, हाताने लिहिलं की माणूस डोळ्यांसमोर येतो. मला ते वेळखाऊ वाटे. इप्पलगुडा या पाड्याच्या सात ओळी होत्या. सहा खालच्या वस्तीच्या. सातवी जंगूची. वर टेकडीजवळ चार घरं आणि त्या चारांत मिळून तो एकच फोन.

मार्चात मोह पडायला लागतो. घरंच्या घरं आपापल्या झाडांखाली राहायला जातात, पहाटे फुलं वेचतात. तिथे फोन कुठे चार्ज करणार? हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्हाला माहीत होतं, पण मी तुम्हाला विचारलं नव्हतं. जंगूचा नंबर तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाचा डबा उघडायच्या आधी, मी ती ओळ उचलून 'बंद' पानावर टाकली. एका हाताने. दुसऱ्या हातात चमचा होता.

साडेचारला तुम्ही यादी उतरवलीत. इप्पलगुड्याच्या सहाच ओळी होत्या. तुम्ही सहा उतरवल्यात, सहा फोन केलेत. खालच्या वस्तीला सांगितलंत, हत्ती तुमच्या ओढ्याला आहे, उद्या सकाळी नऊपर्यंत मोहाला जाऊ नका. फोन ठेवताना मला विचारलंत, "इप्पलगुडा झाला ना सगळा?"

"यादीत आहेत ते सगळे झाले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगू हत्तीच्या पायाखाली गेला.

बातमी अकराच्या सुमारास आली. तुम्ही गौलीगुड्याच्या बसस्टँडवरून, कुणाला तरी गाडीत बसवून, परत येत होतात. मी कचेरीत एकटी होते. पहिली गोष्ट मी कुठली केली, ते लिहिते, कारण हेच लिहायचं आहे. मी तक्ता उघडला आणि ती ओळ 'बंद' पानावरून काढून परत इप्पलगुड्याखाली ठेवली. सातव्या जागी. आज संध्याकाळी वरच्या चार घरांना फोन जायलाच हवा, असं मी स्वतःला म्हटलं. ते खोटं नव्हतं. त्या संध्याकाळी फोन गेलाही. पण तुम्ही जिना चढत होतात आणि तुमच्या चपला मला ऐकू येत होत्या आणि तुम्ही दारात यायच्या आत ते व्हावं म्हणून माझे हात घाई करत होते, हेही खरं आहे.

तुम्ही आलात. बातमी तुम्हालाही वाटेत फोनवर कळली होती. उभ्यानेच वही उघडलीत. सहा लाल खुणा. मग माझ्या पडद्याकडे वाकलात. सात ओळी.

"उतरवताना सुटली," तुम्ही म्हणालात.

माझं बोट अजून सातव्या ओळीवर होतं.

"सुनंदाबाई, माझ्या हातून सुटली."

त्या वेळी 'नाही' एवढा एकच शब्द पुरला असता. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. जरा शांत झाल्यावर. मग वाटलं, गावाहून आल्यावर. माझ्या कामाच्या यादीत मी ते रोज पुढच्या तारखेला ढकलत गेले. बाकीची कामं होत गेली.

चौथ्या दिवशी आपण इप्पलगुड्याला गेलो. वरच्या वस्तीत सावली नव्हती. जंगूची बायको, सोमबाई, दारात बसली होती. तुम्ही बसायला नकार दिलात. उन्हात, हात जोडून उभे राहिलात, सत्तरीचा माणूस, आणि म्हणालात, "बाई, तुमचा नंबर माझ्या हातून राहिला."

मग तिने जे सांगितलं, ते मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. ती म्हणाली की त्या दिवशी दुपारीच जंगू खाली जाऊन फोन चार्ज करून आला होता. फोन चालू होता. दिवस बुडेपर्यंत तो फोन मांडीवर घेऊन सारूची, म्हणजे तुमची, वाट बघत बसला होता. "सारूचा फोन नाही आला," तो म्हणाला. "म्हणजे हत्ती नदीपल्याड हाय." आणि पहाटे टोपली घेऊन निघाला.

आपण त्यांना हे शिकवलं होतं, काका. कुणी मुद्दाम शिकवलं नाही. हत्ती आला की नेमाने फोन जात राहिला आणि त्यातून त्यांनीच अर्थ काढला: फोन आला तर धोका, नाही आला तर खुशाल जा. आपण फोन करायला लागण्यापूर्वी जंगू पहाटे निघताना कानोसा घेत असे, शेण बघत असे, मोडलेल्या फांद्या बघत असे. नंतर तो फोन बघू लागला. आणि खालच्यांनी वर जाऊन सांगितलं नाही, कारण त्यांना खात्री होती की सारू कुणाला वगळत नाहीत.

मी तुमच्या मागे तीन पावलांवर उभी होते. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी पुढे होऊन फक्त बाटली दिली.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. करीमनगरच्या पुढे कुठेतरी म्हणालात, "खात्यात असताना एकदा मी शीव चुकीची आखली होती. दोन भाऊ कोर्टात गेले. पण ते जिवंत होते. परत जाऊन आखता आली."

मी म्हटलं, "थोडं झोपा."

पुढच्या महिन्यात मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे आठवलं की माझा मलाच राग येतो आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. तुम्ही म्हणत होतात की ओळ सुटते म्हणजे नजर गेली. मी "तपासून घेऊ" म्हटलं, वेळ घेतली, रिक्षा केली, थेंब घातल्यावर तुमचा हात धरून तुम्हाला जिना उतरवला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. तुम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलात. बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन सोसत नव्हतं. म्हणालात, "डोळे चांगले आहेत म्हणजे मग लक्षच गेलं. ते तर आणखी वाईट."

मी रिक्षा शोधायला गेले.

त्यानंतर तुम्ही वहीत उतरवलेली यादी रोज मला मोठ्याने वाचून दाखवू लागलात. "इप्पलगुडा. एक, लिंगू. दोन, भीमराव." माझं बोट पडद्यावर सरकत जायचं. सातला तुमचा आवाज जरा थांबायचा. "सात, सोमबाई." मी "बरोबर" म्हणायची. दोन वर्षं रोज, सुट्ट्या आणि हत्ती पलीकडे असलेले दिवस वगळून, मी त्या ओळीला "बरोबर" म्हणाले आहे.

तो नियम मी त्याच आठवड्यात काढून टाकला होता. तुम्ही विचारलंत, का? मी म्हटलं, तुमचं ऐकलं. तुम्ही हसलात. त्या दिवसांत तुम्ही फार कमी हसलात, त्यातलं एक हसू मी असं मिळवलं.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. जंगू गेल्यावर मी म्हणत होते की हत्तीला पकडून न्यावं. तुम्ही विचारलंत, "कुठे?" मी म्हटलं, जिथे माणसं नसतील तिथे. तुम्ही तो चिकटपट्ट्यांचा नकाशा टेबलावर पसरलात आणि माझ्या हातात लाल पेन्सिल दिलीत. "खूण करा." मी खूप वेळ बघत राहिले. नदी, पाडे, कालवा, रस्ता, पाडे. पेन्सिल टेकवायला जागा मिळाली नाही. तुम्हीही जिंकल्यासारखे दिसला नाहीत. नकाशाची घडी घालताना म्हणालात, "मलाही सापडली नाही. म्हणून तर फोन करतोय." मला आता वाटतं, आपण दोघंही तेव्हा हरलेलो होतो. साडेचार वाजले म्हणून उठलो, एवढंच.

तुमच्या तेराव्यानंतर मी पिशवी घेऊन अंबरपेठेला गेले. मालतीकाकूंनी चहा केला. तुमची खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. काकू म्हणाल्या, "त्यांच्या वह्या घेऊन जा गं. मला त्यातलं काही कळत नाही. जेवण झालं की रोज तासभर काहीतरी लिहीत बसायचे. मी म्हणायची, शाळेची शिक्षा आहे का? तर म्हणायचे, तसंच समज."

मला वाटलं, आठवणी असतील.

मी तिथेच उघडून पाहिल्या, काका. पानापानांवर इप्पलगुडा होता. त्या मार्चातल्या दिवसाची यादी, पुन्हा पहिल्यापासून उतरवलेली. एक, लिंगू. दोन, भीमराव. कधी सावकाश, कधी घाईने, अक्षरावरून कळतं. एका पानावर वर टीप: "रेडिओ चालू ठेवून." दुसऱ्यावर: "चष्म्याशिवाय." तिसऱ्यावर: "मुद्दाम दुसरा विचार करत." ओळ कशी सुटते, ते तुम्ही शोधत होतात. मी मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे थांबले. ज्या पानांपर्यंत मी पोचले, त्यांत एकदाही जंगूची ओळ सुटलेली नव्हती. सात जागी जंगू. प्रत्येक वेळी. आणि शेवटच्या भरलेल्या पानाखाली तुमच्या त्या नेटक्या, खात्यातल्या अक्षरात एक वाक्य होतं.

"तरी त्या दिवशी सुटली."

पुरावा तुमच्या हातात होता. चाळीसहून जास्त वेळा तुम्ही स्वतःला निर्दोष सिद्ध केलंत आणि तरी माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवलात. माझ्यावर संशय घ्यायचं तुम्हाला सुचलंच नाही. थोडा घेतला असतात तर बरं झालं असतं.

काकूंना मी तिथेच सांगितलं. त्या चहाची कपबशी हातात धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं ते नीट जेवले नाहीत, सुनंदा." आवाज चढला नाही. उठून आत गेल्या आणि तुमचा फोन आणून माझ्यासमोर ठेवला. "हाही ने. सांत्वनाचे फोन सोसवेनात म्हणून पहिल्याच दिवशी बंद केला होता." त्यांनी मला दारापर्यंत सोडलं नाही. दरवेळी सोडतात.

तेरा दिवस आपल्या कचेरीतून एकही फोन गेला नव्हता. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीची बातमी होती की हत्ती पलीकडे, दूर आत आहे. एकदा तो पलीकडे गेला की परत अलीकडे येईपर्यंत टेहळणीवाला फोन करत नाही. मी त्याच्या नंबरवर दोनदा लावून पाहिलं, रेंज नव्हती. काही झालं तर वनखात्याचा संदेश येईलच, असं मी म्हटलं. कारणं सगळी नीट होती. पण खरं तर सातव्या ओळीवर बोट ठेवून, तुमच्या जागी बसून तो आवाज काढायची माझ्यात हिंमत नव्हती.

घरी येऊन तुमचा फोन चार्जरला लावला. चालू झाल्याबरोबर संदेश येत गेले, तुम्ही घेतला नाहीत त्या फोनांचे. त्यांत टेहळणीवाल्याचे होते. शेवटचे चार दिवस, रोज दुपारी, त्याच वेळेला.

मी उलट फोन लावला. लागला नाही. वनखात्यात लावला, तिथल्या माणसाने बघून सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत मी लावत राहिले. मग कचेरीतल्या तुमच्या खुर्चीत बसले, वही उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा यादी हाताने उतरवली. तुमचं खरं होतं. माणसं डोळ्यांसमोर येतात. इप्पलगुड्यापासून सुरुवात केली आणि त्यातही सातपासून.

दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"सारू?" सोमबाई म्हणाली. मी तुमच्याच फोनवरून लावला होता.

"नाही, मी सुनंदा. कचेरीतली. सारू गेले, बाई. दोन आठवडे झाले."

पलीकडे कुठेतरी कोंबड्या होत्या. "आजारी होते?"

"नाही. झोपेत गेले." मग मी सांगितलं. तुमच्यासारखं जेवणबिवण विचारता आलं नाही. "सोमबाई, त्या वेळी तुमचा नंबर सारू विसरले नव्हते. मी काढून टाकला होता. तीन दिवस लागला नाही म्हणून."

"मोहाले होतो ना आमी."

"हो."

"सारूले ठाव होतं? का तुमी काढला?"

"नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांच्याच हातून राहिला."

मी फोन कानापासून काढून बघितला, चालू आहे ना. मग ती म्हणाली, "म्हातारा माणूस उन्हात उभा होता माझ्या दारात. मी त्याले पाणी नाही देलं. घरात होतं पाणी. मुद्दाम नाही देलं."

आता हे तिच्याकडेही राहील. खरं सांगितल्यावर ओझं हलकं होतं म्हणतात. मी ते एकीकडून दुसरीकडे नेऊन ठेवलं, आणि माझ्याकडचं कमी झालेलं नाही.

"आता हत्ती कुठं हाय?" तिने विचारलं. "फोन नाही आला इतके दिवस. पल्याड हाय म्हणून आमी रोज जातो वेचाले."

"जाऊ नका. बहुतेक अलीकडे आलाय. चार दिवस झाले असतील."

"कोणत्या ओढ्याले?"

"माहीत नाही."

"सारू तर ओढा सांगत होता."

"मला माहीत नाही, सोमबाई. उद्या सकाळी जाऊ नका."

"उद्या नाही जात," ती म्हणाली. "आन परवा?"

मोह पंधरा-वीस दिवस पडतो. त्यावर तिचं वर्षाचं किती भागतं, ते तुम्हाला माहीत होतं. माझ्यासमोर तुमचा नकाशाही नव्हता, तो मी यादी करून काकूंकडे पोचवला होता. मी म्हटलं, परवा पुन्हा फोन करते. ती म्हणाली, "फोन नाही आला तर?"

मी म्हटलं, नाही आला तरी जाऊ नका. मग तिने फोन ठेवला.

मी वहीत सातव्या ओळीपुढे नव्या लाल पेन्सिलीने खूण केली आणि लिंगूचा नंबर लावला. साडेसहाला अंधार पडणार होता. पंच्याऐंशी नंबरांना सांगायचं होतं, आणि सांगायला माझ्याकडे एकही ओढा नव्हता.